सगुणाकाकूंच्या वाटीतला रुपया

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागे उभ्या असलेल्या बायकांना जागा द्या. लेकरं मांडीवर घ्या, मोबाइल पिशवीत घाला, आणि मनातल्या मनात एकदा देवाचं नाव घ्या. — घेतलंत? मग आता एक प्रश्न विचारते. सोपा आहे हं, घाबरू नका!

तहानलेल्या माणसाला पाणी द्यायचं — तर त्याचा भाव किती लावावा?

समोरच्या वहिनी लगेच म्हणाल्या, "फुकट!" छान. आणि मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाटली वीस रुपयांना मिळते, बाई!" — ऐकलं मी. आवाज बारीक आहे माझा, पण कान तिखट आहेत! तर मंडळी, दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि दोन्ही अपुरी आहेत. कशी अपुरी, ते आजचं आख्यान सांगेल. मी नाही सांगणार.

आमच्या आईकडची एक साधी ओवी आहे. जात्यावर बसली की म्हणायची —

आधी पाहावी ओंजळ । मग ओतावे जळ ।
दात्याची एवढी अटकळ । देवासी पुरे ॥

पाणी ओतण्याच्या आधी काय करायचं? ओंजळ बघायची! लहान मुलाची आहे, की म्हाताऱ्याची थरथरती आहे, की हातच भाजलेत — ते बघायचं, आणि मग ओतायचं. ऐकायला किती सोपं! आणि करायला? — ऐका मंडळी, ऐका.

आंबेघोळ नावाचं एक गाव. गावाशेजारी डोंगर, आणि डोंगरावर शिळोबाचं देऊळ. खाली पायऱ्या जिथून सुरू होतात तिथे एक पिंपळ, पिंपळाला पार, आणि पारावर दोन रांजण. ती सगुणाकाकूंची पाणपोई.

या काकूंचं एक व्रत होतं. रोज कुणातरी तहानलेल्याला पाणी मिळायचं, आणि त्यासाठी त्याच्या खिशाला हात लागायचा नाही — मगच काकूंनी घास तोंडात घालायचा. नवी नवरी म्हणून त्या डोंगर चढल्या होत्या ना, तेव्हा उन्हानं घेरी आली. कुणा एका बाईनं पाणी पाजलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, निघून गेली. तेव्हापासून काकूंचा नेम. मी पण नेमधर्माची बाई आहे हो, आजही पोटात राजगिऱ्याचा एक लाडूच आहे. पण माझे नेम माझ्यापुरते. काकूंचा नेम दुसऱ्याच्या घशातून उतरायचा, आणि मग त्यांच्या पोटात जायचा! मोठं व्रत कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

आता काकूंचे यजमान — दामूअण्णा. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. अहो, काय सांगू त्यांचा दरारा! गाडीत पाय ठेवला की पहिलं वाक्य, "सुट्टे द्या!" म्हातारी असो, मामलेदार असो — "सुट्टे द्या!" लग्नात भटजींनी दक्षिणा मागितली, तर हे बोहल्यावरून म्हणाले, "सुट्टे आहेत का?" — हे लोक सांगतात हं, मी त्या लग्नाला नव्हते. पण माणूस सरळ. त्यांच्या हिशोबात कधी कुणाला बोट घालायला जागा सापडली नाही. तिकिटाचे पैसे ठेवायची ती चामड्याची पिशवी निवृत्तीनंतरही घरात खुंटीला होती. काकू दिव्याची काजळी पुसता पुसता तिलाही तेलाचा हात लावायच्या.

आणि एक गंमत. काकूंचा नेम पुरा होईपर्यंत अण्णाही जेवायचे नाहीत. त्यांनी काही व्रत घेतलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "छे, मला भूकच नसते लवकर!" — हसताय काय? तुमच्याही घरी असेल असा एखादा. बघा जरा नीट.

पुढे काय झालं? काकूंचे गुडघे गेले. विहिरीवरून घागर आणणं होईना. घर चार गल्ल्या आत, तिथे वाटसरू कोण येणार? रांजण कोरडे पडले. तेव्हा देवस्थान समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब एक मशीन घेऊन आले. थंड पेयांचं! पैसे टाकायचे, बटण दाबायचं — कागदी पेला खाली पडतो, आणि वरून धार. ताक, कोकम सरबत, थंडगार कॉफी, आणि गाळलेलं पाणी. ताक आणि कोकम गावातल्या बायकांनी करायचं, चार घरांना मिळकत. वाईट काय त्यात? काही नाही! भाऊसाहेब भला माणूस. म्हणाले, "अण्णा, मशीन तुम्ही सांभाळा. भाव तुम्ही लावा. हिशोबात तुमचा हात कोण धरणार?"

अण्णांची छाती अशी फुगली! घरी येऊन सांगितलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं,

"अहो, पाण्याला काय भाव लावणार?"

"पाच रुपये. परवडायला नको?"

काकू तांदूळ निवडत राहिल्या. मंडळी, बायको भांडली तर उत्तर देता येतं. तांदूळ निवडायला लागली तर काय उत्तर देणार?

थोड्या वेळानं अण्णाच म्हणाले, "बरं बरं. पाणी फुकट. शून्य रुपये! झालं समाधान?"

गेले मशीनपाशी. ताकाला पंधरा लावले, कोकमला पंचवीस, कॉफीलाही पंचवीस, आणि पाण्याला — शून्य. बटण दाबलं. पेला नाही, धार नाही. मशीनवर अक्षरं आली — 'उपलब्ध नाही'.

अण्णांनी मशीनवाल्या कारागिराला फोन लावला. "अहो, पाणी भरलंय काठोकाठ, आणि तुमचं मशीन म्हणतं नाही म्हणून!"

"भाव काय टाकलाय, काका?"

"शून्य."

"तसं नाही चालत, काका. शून्य टाकलं की मशीनला वाटतं, या बटणामागं मालच नाही."

"अरे, पण आहे ना माल!"

"तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मशीनला कोण सांगणार? कमीत कमी एक रुपया टाका."

हसा, हसा मशीनला! पण जरा थांबा हं. जे फुकट आहे ते नाहीच, असं मानणारं हे एकटं मशीनच आहे का? सकाळी ऊन येतं — भाव शून्य. श्वास चालतो — भाव शून्य. आई ताट वाढून ठेवते — भाव शून्य. आणि आपण म्हणतो, "माझ्यासाठी कुणी काही केलं नाही!" अहो, आपल्याही कपाळावर तीच अक्षरं येतात की — 'उपलब्ध नाही'!

असो. अण्णा पडेल चेहऱ्यानं घरी आले. "एक रुपया तरी लावावाच लागतो गं. नाइलाज आहे. एका रुपयाला आज काय येतं? चॉकलेटसुद्धा येत नाही!"

"ज्याच्याकडे आहे त्याला काही येत नाही," काकू म्हणाल्या. "ज्याच्याकडे नाही त्याला येतं."

"म्हणजे आज जेवायचं नाही का आपण?"

बघा, 'आपण' म्हणाले! भूक लवकर लागत नाही ना त्यांना!

काकू उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, देवघरात गेल्या. नैवेद्याची पितळी वाटी घेतली, डब्यातले रुपये काढून तिच्यात ओतले आणि अण्णांच्या हातात दिली. "मशीनशेजारी ठेवा. तहान लागली त्यानं यातला रुपया घ्यावा, मशीनमध्ये टाकावा, पाणी प्यावं. सांजेला तुम्ही मशीन उघडता ना? तेच रुपये काढायचे, परत वाटीत घालायचे."

अण्णा बघतच राहिले. "तोच रुपया? फिरून फिरून?"

"देवाच्या पायरीवरचाच आहे. फिरू दे की प्रदक्षिणा!"

आणि मंडळी, चाललं की हो ते! पारावरचे म्हातारे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "वाटीतला रुपया घ्या, आत टाका." लोक घ्यायचे, प्यायचे, कुणी जाताना आपला एखादा रुपया वाटीत ठेवून जायचे. दुपारी अण्णा घरी यायचे, चप्पल काढायच्या आत काकू विचारायच्या, "वाटीतलं पाणी गेलं का?" अण्णा म्हणायचे, "गेलं." की दोन पानं मांडली जायची. एवढाच संवाद. चाळीस वर्षांच्या संसारात याहून जास्त बोलायला लागतं कुठे?

तर असे दिवस चालले असताना चैत्राची यात्रा आली. काय ती गर्दी! काय ते ऊन! पायऱ्या अशा तापल्या, की लोक नाचत चढत होते — भक्तीनं नव्हे, चटक्यानं! मशीनपुढं ही रांग. अण्णा टोपी सारखी करून बाजूला उभे, गाडी सुटताना दारात उभे राहायचे तसे.

आणि घोटाळा झाला. ताक पंधराचं. लोकांच्या हातात नोटा वीसच्या. मशीननं बिचाऱ्यानं पाच-पाच परत द्यायचे तरी किती? त्याच्या पोटातली नाणी संपली. मशीनवर अक्षरं आली. सांगा, कुठली आली असतील?

'कृपया सुट्टे पैसे टाका'!

अहो, जन्मभर जे वाक्य अण्णांनी जगाला ऐकवलं, ते आज मशीन त्यांच्या तोंडावर ऐकवत होतं! रांगेतला एक गडी ओरडला, "काय कंडक्टर, तुमचंच पोरगं दिसतंय हे!" सगळी रांग हसली. अण्णा लालेलाल. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि नजर कुठे गेली? — वाटीवर. रुपयांनी भरलेली!

आता मनात पाप आहे का त्यांच्या? तिळभर नाही. त्यांनी वाटीतली नाणी ओंजळीत घेतली. मोजली. मशीन उघडून आत घातली. आणि जेवढी घेतली तेवढ्याची एक करकरीत नोट वाटीत ठेवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा ठेवला. एक पैसा इकडचा तिकडे नाही! रांग पुढं सरकली. ताकाची धार सुरू झाली. अण्णांनी कपाळाचा घाम पुसला. — बरोबर केलं की चूक केलं? सांगा! ... बघा, कुणी बोलत नाही. मीही नाही बोलत. काकूंकडे जाऊ.

ऊन उतरायला लागलं तेव्हा अण्णा घरी आले. काकू दारातच. ओठ सुकलेले, सकाळपासून पोटात काही नाही.

"आलात? वाटीतलं पाणी गेलं का?"

अण्णा खोटं बोलत नसत. म्हणाले, "आज नाही गेलं बघ."

"एवढ्या यात्रेत? एवढ्या उन्हात?"

"अगं, सगळ्यांकडे पैसे आहेत आता. लोकांचं बरं चाललंय! वाटीला कुणी हातसुद्धा लावला नाही. पैसे जागच्या जागी. मी बघूनच आलो."

"पैसे जागच्या जागी?" काकूंनी सावकाश विचारलं. मग कोपऱ्यातली काठी घेतली आणि पायात चप्पल सरकवली.

"अगं, कुठं निघालीस? तुझे गुडघे! एक दिवस नसेल कुणी आलं —"

"पाणी तिथं आहे, वाटी तिथं आहे, ऊन तिथं आहे. मग तहान कुठं गेली, ते बघून येते."

चार गल्ल्या! एका पायरीला थांबावं लागणारी बाई, पण निघाली. अण्णा मागून, "थांब गं, हात धर तरी माझा," करत.

पिंपळापाशी आल्या. पाराच्या सावलीला एक बाई बसली होती. मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी. बाई पदराचं टोक स्वतःच्या जिभेनं ओलं करायची आणि लेकीच्या ओठांवरून फिरवायची. — मंडळी, आपण ऊन लागलं म्हणून पंखा मोठा करतो ना, तेव्हा हे आठवा.

काकू शेजारी टेकल्या. "काय गं बाई, पोरीला पाणी नाही पाजलंस?"

"मालक वर दर्शनाला गेल्यात, आजी. पैशाची पिशवी त्यांच्यापाशी. रांगेत आडकलं असतील."

"अगं, पण ती वाटी आहे ना तिथं! कुणी सांगितलं नाही तुला?"

"सांगितलं की. म्हातारबाबा म्हणलं, वाटीतला रुपया घे. गेले मी बघाया." तिनं आवाज खाली आणला. "रुपया न्हाई त्यात, आजी. नोट हाय. एवढी मोठी नोट. देवाच्या वाटीतली नोट कशी उचलू? कुणी बघितलं तर चोरटी म्हणंल की मला. आणि न्हाई बघितलं, तरी वरनं शिळोबा बघतोयच."

काकूंनी मान वळवून अण्णांकडे बघितलं. नुसतं बघितलं हं.

आणि आमचे दामूअण्णा — ज्यांचा हिशोब जन्मात चुकला नाही, ते दामूअण्णा — तिथं असे उभे राहिले, जसा बिनतिकिटाचा प्रवासी उभा राहतो! मोजणी चोख होती. बेरीज चोख होती. वाटीत होते तेवढेच पैसे होते. पण सकाळी त्या वाटीतून पाणी मिळालं असतं, आणि दुपारी मिळत नव्हतं. आणि ते कुणी बंद केलं? चोरानं नव्हे. प्रामाणिक माणसानं!

अण्णांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला. कंडक्टरच तो, दोन-चार नाणी तिथं असायचीच. खाली बसले. रुपया त्या चिमुरडीच्या तळहातावर ठेवला, तिची बोटं मिटवली. तिला उचलून मशीनपाशी नेलं. "टाक बाळा. इथं. आता हे बटण दाब." पेला पडला — टप्! धार लागली. पोरीनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि घटाघटा प्यायली. मग आणखी एक. मग आईला एक.

ती बाई काकूंच्या पाया पडायला वाकली, तर काकूंनी तिला वरच्या वर धरलं. "माझ्या काय पाया पडतेस? तू पाणी प्यालीस, आता मला घास जाईल. सकाळपासून तुझीच वाट बघत होते मी."

मग अण्णा बारक्या आवाजात म्हणाले, "सगुणा, पै न पै बरोबर होती गं."

"होती की," काकू म्हणाल्या. "तुमचा हिशोब कुठं चुकला? फक्त ती नोट तुमच्या हाताच्या मापाची होती. तिच्या नव्हे."

बास. एवढंच बोलल्या. रागावल्या नाहीत, कपाळावर हात मारला नाही. — वहिनी, ऐकताय ना? मी तुमच्याकडे बघून बोलत नाही हं!

अण्णा तडक घरी गेले. खुंटीवरची चामड्याची पिशवी काढली. नारळवाल्याकडे गेले, फुलवाल्याकडे गेले, त्या नोटेचे रुपये केले, आणखी घरच्या नोटेचे केले. वाटी भरली, पिशवी भरली. पिशवी खांद्याला लावली, मशीनशेजारी पारावर बसले आणि यात्रेच्या त्या गर्दीत, एस.टी. स्टँडवरच्या त्याच खणखणीत आवाजात हाक दिली. काय हाक दिली असेल?

"सुट्टे घ्या! सुट्टे घ्या! तहान लागलीय त्यानं सुट्टे घ्या!"

अहो, सगळी यात्रा वळून बघायला लागली! जन्मभर 'सुट्टे द्या' म्हणणारा माणूस 'सुट्टे घ्या' म्हणतोय! सकाळचा तो रांगेतला गडी डोंगरावरून उतरत होता, तो म्हणाला, "कंडक्टर, गाडी उलटी फिरली काय?" अण्णा म्हणाले, "उलटी नाही रे, आता सरळ झाली!"

भाऊसाहेब धावत आले. "अण्णा, हे काय मांडलंय?" अण्णा म्हणाले, "अध्यक्ष, भाव बदलतोय. ताक दहा रुपये — एक नोट टाकली, ताक घेतलं, परत काही द्यायला नको. कोकम वीस. ती पण एकच नोट."

"आणि तोटा?"

"कॉफी तीस. मोटारीतून उतरून कॉफी पिणाऱ्याला वरचे पाच जड नाहीत. डोंगर उतरून ताक पिणाऱ्याला होते. आणि पाणी एक रुपया — तो वाटीतला." भाऊसाहेबांनी बोटांवर काहीतरी आकडेमोड केली, मशीनकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "अण्णा... मला पण एक रुपया द्या. घसा सुकलाय."

मग काकूंनी घरून डबा मागवला. दहीभात आणि कैरीची फोड. पारावरच दोघं जेवली. मधेच कुणी हात पुढं केला की अण्णा उष्टा हात मागं घ्यायचे, आणि काकू डाव्या हातानं पिशवी पुढं करायच्या. "घे रे बाबा, तुझ्या हातानं घे." घास आणि रुपया, घास आणि रुपया. शिळोबाला त्या दिवशी नैवेद्य वर गाभाऱ्यात पोचला की खाली पारावर, ते मला विचारू नका!

पेटी जरा थांबू दे, काका. आता शेवटचं.

सुरुवातीला मी विचारलं होतं — पाण्याचा भाव किती? वहिनी म्हणाल्या, फुकट. पण शून्याला तर पाणी येतच नव्हतं! मागून कुणी म्हणालं, वीस. तिथे तर तहानच परत फिरली असती! मग बरोबर भाव कुठला? जो समोरच्याच्या ओंजळीत मावतो, तो. आधी पाहावी ओंजळ, मंडळी. मग ओतावे जळ.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्याकडे कुठं मशीन आहे? आहे हो! घरोघरी आहे. परगावी असलेला मुलगा फोनवर म्हातारीला म्हणतो, "आई, काही लागलं तर सांग हं!" — केवढी मोठी गोष्ट बोलला! पण ती नोट आहे. म्हातारी ती उचलत नाही. तिला वाटतं, एवढं मोठं कसं मागू? तिला रुपया हवा असतो. "आई, आज काय भाजी केलीस?" — हा रुपया. सून म्हणते, "सासूबाई, घर तुमचंच आहे." नोट! आणि दुपारी उन्हातून आल्या की न विचारता हातात ठेवलेला पाण्याचा पेला — रुपया. शेजारी म्हणतो, "अर्ध्या रात्री हाक मारा." नोट, नोट! अर्ध्या रात्री कोण हाक मारणार हो? सकाळी जाता जाता दार वाजवून "बरे आहात ना?" — तो रुपया.

आपण वाईट माणसं नाही, मंडळी. आपल्या वाट्या भरलेल्याच आहेत. प्रेम जेवढं होतं तेवढंच आहे, पै न पै! फक्त मोठी नोट करून, वर खडा ठेवून आपण घरी जेवायला गेलोय.

तर आज घरी गेलात की ताटावर बसायच्या आधी एकदा सगुणाकाकूंसारखं विचारा स्वतःला — वाटीतलं पाणी गेलं का? आणि नसेल गेलं, तर लोकांना तहान नाही, असं म्हणू नका. उठा. गुडघे दुखत असले तरी उठा. वाटी बघा.

आणि आता माझंही ऐका जरा. त्या खांबापाशी एक आजोबा मघापासून घसा खाकरतायत. कुणीतरी उठून त्यांना पाणी द्या. — हां, असं! दोन्ही हातांनी द्या. ... प्यायलात, आजोबा? बरं वाटलं? मग आता माझं आख्यान पुरं झालं. सगळ्यांनी मिळून देवाचं नाव घ्या.